आज पोटात किती गेलं?

सकाळी ७.३०

पहिली फेरी स्वयंपाकघरात. कर्करुग्णालयात एका नाश्त्याचे चार नाश्ते करावे लागतात. आज फळ्यावर उपमा लिहिलाय. ज्यांना चावता येतं त्यांना नेहमीचा. ज्यांचं तोंड आलंय त्यांना मिरची-कढीपत्ता वगळून, जास्त पाणी घालून मऊ शिजवलेला. ज्यांना फक्त पिता येतं त्यांना तोच रवा दुधात शिजवून, गाळून. आणि ज्यांना तोंडाने काहीच द्यायचं नाही त्यांना नळीतून फीड.

या नळीला वॉर्डात सगळे ‘आरटी’ म्हणतात, म्हणजे राइल्स ट्यूब. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ मध्ये जठरातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी अशी बारीक नळी वापरली. आज आम्ही तिच्यातूनच अन्न आत पाठवतो. नाकातून घशात, घशातून अन्ननलिकेत आणि तिथून पोटात.

फीड बनवणाऱ्या मामांबरोबर मी रोज मापं तपासते. दूध, दूध पावडर, भाजलेल्या डाळ-तांदळाचं पीठ, साखर, तेल. शिजवून, मिक्सरमधून फिरवून दोनदा गाळायचं, कारण एक गुठळीसुद्धा नळी बंद पाडते. एक मिलिलिटर फीडमधून एक किलोकॅलरी मिळाली पाहिजे, असा आमचा हिशोब. नीट उतरत नाही म्हणून कुणी त्यात भांडंभर पाणी ओतलं, तर रुग्णाचं पोट भरतं पण पदरात काही पडत नाही. तयार फीड लगेच थंड करून फ्रिजमध्ये जातं आणि बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवायचं. उरलं तर टाकून द्यायचं. ज्यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत, त्यांना नासकं अन्न थेट आयसीयूत नेऊ शकतं.

सकाळी ८.३०

तोंडाच्या कर्करोगाचा, शस्त्रक्रियेनंतरचा वॉर्ड. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा तंबाखू, गुटखा, सुपारी. बायकांच्या बाबतीत अनेकदा मिश्री. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. या वॉर्डातल्या खाटा मात्र रिकाम्या राहत नाहीत.

खिडकीजवळ जालन्याकडचे एक दादा आहेत. अर्धा जबडा काढलाय, छातीवरचा स्नायू वर घेऊन गाल बांधलाय. बोलता येत नाही, म्हणून मोबाइलवर टाइप करून दाखवतात: ‘भाकर कधी?’ मी त्यांना क्रम सांगते. टाके भरेपर्यंत नळी. मग गिळण्याची तपासणी. मग घट्ट पदार्थ, आणि पाणी सगळ्यात शेवटी. त्यांची बायको विचारते, “पाणी शेवटी? पाणी तर सगळ्यात सोपं की मॅडम.” सोपं नसतं. जीभ आणि घसा नव्याने शिकत असतात, तेव्हा पातळ पाणी आवरायच्या आत घसरतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. घट्ट दही, मऊ शिरा, कुस्करलेलं केळं हे जिभेला सावरता येतं. भाकरी येईल, आधी दुधात भिजवलेली. दादा मान हलवतात. ज्याला पुढची पायरी माहीत असते तो नळी उपटून काढत नाही, हे मी इथे पाहिलंय.

पलीकडच्या खोलीत अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या एक आजी आहेत. बरेच दिवस चहा आणि सरबतावरच होत्या. काल नळी पडली. मुलगा म्हणतो, “आता नळी आहे ना, मग द्या भरपूर. लई हाल झाले तिचे.” त्याची तळमळ खरी आहे, पण हीच वेळ धोक्याची. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून आजींना आधी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, मग गरजेच्या थोड्याशा भागापासून फीड, रोज रक्ततपासणी, आणि त्या आकड्यांकडे बघत हळूहळू वाढ. मुलाला मी कागदावर आठवड्याच्या पायऱ्या काढून देते. आज इतकं, परवा इतकं, पुढच्या सोमवारी पूर्ण.

“मग तोवर निदान सलाईन तरी चालू ठेवा, ताकद येईल,” तो म्हणतो. हे वाक्य मी गावोगावच्या माणसांकडून ऐकते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. त्यातून १७० ते २०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीइतकी ऊर्जा, आणि प्रथिनं शून्य. सलाईन शरीरातलं पाणी भरून काढतं. ते जेवणाची जागा घेत नाही.

सकाळी १०.००

ओपीडी. माझ्या टेबलाशेजारी वजनकाटा आहे. चपला काढा, खिशातलं सगळं इथे ठेवा, सरळ उभे राहा. आकडा फाइलवर लाल पेनाने लिहायचा.

नेहमीचं वजन किती होतं, हा प्रश्न विचारला की बरेच जण गप्प होतात. गावात वजन करायचा प्रसंगच आलेला नसतो. मग मी दुसरीकडून विचारते. पट्टा किती भोकं आत गेला? ब्लाउज सैल झाला का? अंगठी निसटते का? सहा महिन्यांत, मनात नसताना, पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती धोक्याची खूण. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. घरचे म्हणतात, कॅन्सर आहे, वजन उतरणारच. हे मान्य करायला मी तयार नाही. आजारामुळे शरीरात दाह वाढतो, भूक मरते, स्नायू झिजतात, हे खरं. पण जे उतरतं त्यातला मोठा भाग उपासमारीमुळे उतरतो, आणि तो थांबवता येतो.

हे वजन आम्हाला एवढं का हवं? केमोच्या बऱ्याच औषधांचा डोस उंची आणि वजनावरून ठरतो. वजन ढासळलेल्या माणसाला दुष्परिणाम जास्त होतात, मग डोस कमी करावा लागतो किंवा पुढची तारीख पडते. शस्त्रक्रियेची जखम उशिरा भरते. उपचार उत्तम आणि शरीर रिकामं, अशी गाठ पडली की उपचार मागे पडतो.

रांगेतला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, “मॅडम, पथ्य काय?” आणि पथ्यांची यादी घरूनच तयार होऊन आलेली असते. आंबट बंद, कारण जखम चिघळते. वांगं बंद, ते वातूळ. तूरडाळीने पित्त होतं. अंडं उष्ण पडतं. दुधाने कफ होतो. शेजारच्या काकूंनी साखर बंद करायला सांगितली. एवढं वगळल्यावर ताटात उरते ती भाताची पेज. मी एकेक पदार्थ परत ताटात आणायला लागते.

साखरेचा प्रश्न सगळ्यांत चिवट. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीच्या पेशी ग्लुकोज फार ओढतात. पेट स्कॅन याच गुणावर चालतो. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला, की साखर तोडली म्हणजे गाठ उपाशी मरेल. तसं होत नाही. खाणं तोडलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, माणूस मात्र झिजतो. मधुमेह असेल तर साखरेचा हिशोब वेगळा, तो आम्ही औषधांसह बसवून देतो. बाकीच्यांनी शिऱ्यात साखर घालावी.

नगरकडचे एक काका समोर बसलेत. वजन ५० किलो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किलोमागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं. म्हणजे काकांना साधारण १,२५० ते १,५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. हा आकडा ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून तो मी जेवणात उतरवते. दोन अंडी, बारा ग्रॅम. अर्धा लिटर दूध, सोळा. वाटीभर घट्ट वरण, सात. मूठभर दाण्याचं कूट, सात. वाटीभर दही, पाच. दिवसभरातल्या दोन-तीन भाकऱ्या, दहा-अकरा. झाले ५७-५८. काकू बोटांवर मोजत होत्या. “यातलं सगळं घरात आहे,” त्या म्हणाल्या. तेच तर ऐकायचं होतं. महागडा डबा आधी घ्यायचा नाही. घरचं कमी पडलं, तरच प्रोटीन पावडरचा विचार करायचा.

सगळ्यांनाच वजन वाढवायचं नसतं. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बऱ्याच बायकांचं वजन उपचारात वाढतं. आज आलेल्या ताईंच्या सासूबाई प्रेमाने रोज तूप-बदामाचे लाडू करून घालतायत. ताईंसाठी डाळी, उसळी, भाज्या आणि रोजचं चालणं. सासूबाईंना मी सांगितलं, लाडूऐवजी मटकीची उसळ करा, तुमच्याच हातची.

मी न चुकता आणखी एक प्रश्न विचारते: स्वयंपाक कुठे करता? टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये परळला उभं राहिलं, तेव्हापासून या भागात देशभरातून कर्करुग्ण येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतं, कुणी नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत, कुणी फूटपाथवर. शेगडी नसलेल्या माणसाला मी मुगाचं कढण लिहून दिलं, तर तो कागद बिनकामाचा. त्याला फुटाणे, गूळ-शेंगदाणे, पाकिटातलं दूध, केळी, राजगिऱ्याची चिक्की, आणि जवळ अन्नछत्र कुठे आहे तो पत्ता.

दुपारी १२.००

रेडिएशनच्या रुग्णांची साप्ताहिक तपासणी. डोकं-मानेचं रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस असं सहा-सात आठवडे चालतं. पहिल्या आठवड्यात सगळे नीट जेवतात आणि म्हणतात, आम्हाला काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, लाळ आटते, चव जाते, घास काचेसारखा टोचतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच मी त्यांना गाठते. पुढे काय होणार ते सांगते आणि आत्तापासून दिवसाला सहा वेळा खायची सवय लावते.

रेडिएशनच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून जाळीचा मुखवटा बनवतात, प्रत्येकाच्या चेहऱ्याबरहुकूम. वजन घसरलं की मुखवटा सैल होतो, किरणांचा नेम चुकू शकतो, सगळं नियोजन पुन्हा करावं लागतं. मध्ये दिवस बुडाले तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. ज्वारीच्या खिरीचा आणि कोट्यवधींच्या यंत्राचा संबंध आहे तो असा.

चौथ्या आठवड्यातल्या एका मावशींना घोटभर पाणीही टोचतंय. आधी तोंडाची निगा. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी खळखळून थुंकायचं. डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं औषध जेवणाआधी. मग जेवण: गार दूध-केळं, कस्टर्ड, मुगाचं गाळलेलं कढण, दह्यात कुस्करलेला गुरगुट्या भात, वरून साजूक तूप. तिखट, लिंबू, टोमॅटो, कडक भाकरी सध्या बाजूला. हे कायमचं पथ्य नाही, तोंड भरेपर्यंतचं आहे, आणि ही गोष्ट मी दोनदा सांगते, कारण लोक तात्पुरतं पथ्य वर्षानुवर्षं पाळतात.

मावशी एकादशी मोडणार नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकलं. मोडायला कशाला लावायचं? राजगिऱ्याची दुधातली खीर, शिंगाड्याचं पातळ पीठ, दाण्याची बिनतिखटाची आमटी. उपास राहतो आणि प्रथिनंही जातात.

तरीही वजन उतरत राहिलं तर नळी. डॉक्टर, गिळण्याचे तज्ज्ञ आणि मी एकत्र बसून ठरवतो. दीर्घकाळ लागणार असेल तर नाकातल्या नळीऐवजी पोटावरून थेट जठरात बसणारी पेग. नळीचं नाव काढलं की घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांना ती शेवटची पायरी वाटते. मी त्यांना नळी काढून घरी गेलेल्या माणसांबद्दल सांगते. नळीवर असतानाही थोडं थोडं गिळत राहायचं, म्हणजे घशाचे स्नायू आळसावत नाहीत.

दुपारी १.३०

डे-केअर केमो. खुर्च्यांची रांग, प्रत्येकाच्या हाताला सुई, मांडीवर डबा. इथे पदार्थापेक्षा औषध बघून बोलावं लागतं. ऑक्झालिप्लॅटिन चालू असलेल्या दादांनी थंडगार ताक हातात घेतलं होतं. मी ते बाजूला ठेवायला लावलं. या औषधानंतर काही दिवस थंड वस्तूने घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. इरिनोटेकानमुळे जुलाब होऊ शकतात, म्हणून मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी पिशवीत हवीच.

मळमळणाऱ्यांना फोडणीचा वास सहन होत नाही. त्यांनी स्वयंपाक चालू असताना बाहेर बसावं. गरम जेवणाला वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार पदार्थ: दहीभात, फुटाण्याची चिवडाभेळ, सुकी इडली. जेवताना पाणी कमी, दोन जेवणांच्या मध्ये भरपूर. तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी.

कुणी पिशवीतून गुळवेलीच्या काढ्याची बाटली काढतं. मी रागावत नाही. नाव विचारते, किती दिवस घेताय ते विचारते आणि फाइलवर लिहून डॉक्टरांना दाखवते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. केमोची बरीच औषधं यकृतातूनच मोडतात. भाजीतली हळद खा. हळदीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रागावलं की पुढच्या वेळी बाटली लपते, आणि लपलेली बाटली जास्त वाईट.

दुपारी ३.००

मध्ये माझं जेवण उरकलं. आता मुलांचा वॉर्ड.

मुलांच्या बाबतीत वजनकाटा फसवतो. पोटात मोठी गाठ असेल किंवा पाणी साठलं असेल, तर काटा बरा आकडा दाखवतो आणि मूल आतून सुकत असतं. म्हणून दंडाला टेप गुंडाळायची. दंड खोटं बोलत नाही.

रक्ताच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात स्टिरॉइड असतं. त्या दिवसांत मुलं रात्री दोनलाही खायला मागतात, तेही वेफर्स आणि तिखट-मीठ लावलेलं. एक आई म्हणाली, “दिवसभर खातोय, मी भांडी घासायची कधी?” पण याच दिवसांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, रक्तदाब आणि साखर वाढू शकते. त्यामुळे रस्त्यावरची भेळ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची चटणी बंद. त्याऐवजी घरचे भाजलेले पोहे, कमी मिठाचे, गरम थालीपीठ, उकडलेलं अंडं, स्वच्छ धुऊन सोललेलं केळं किंवा संत्रं. फळं-भाज्या पूर्णच बंद करणारं जुनं कडक पथ्य मुलांना वाचवतं असा पुरावा अभ्यासांत सापडला नाही. वाचवतं ते हात धुणं, ताजं शिजवणं, गरम गरम खाणं आणि उकळलेलं पाणी.

मुलांच्या जेवणासाठी या शहरात चांगलं काम उभं राहिलंय. कडल्स फाउंडेशन २०१३ पासून कर्करुग्ण मुलांच्या पोषणासाठी रुग्णालयांतून काम करतं. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून बाहेरगावच्या कुटुंबांना उपचाराच्या काळात विनामूल्य राहायला जागा देते, जिथे आईला स्वतःच्या हाताने स्वयंपाक करता येतो. परक्या शहरात, परक्या भाषेत वावरणाऱ्या आईला स्वतःची शेगडी मिळाली की मुलाचं खाणं बदलतं. मोठ्या माणसांसाठी अशी सोय फार कमी आहे, आणि ती व्हायला हवी.

दुपारी ४.००

नातेवाइकांचा वर्ग. वीसेक माणसं, एक टेबल, एक बाहुला, एक इंडक्शन शेगडी.

आधी नळी. फीड देण्याआधी नळीवरची खूण नाकाशी आहे ना ते बघायचं. रुग्णाला उशा लावून अर्धवट बसवायचं आणि फीडनंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवायचं. २०० ते २५० मिली, दर दोन तासांनी, दिवसातून सात-आठ वेळा. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची, फीड आपसूक उतरू द्यायचं. दाबून ढकलायचं नाही. आधी आणि नंतर ३०-५० मिली पाणी. गोळ्या बारीक कुटून, वेगळ्या, आणि कुटायच्या आधी प्रत्येक गोळी चालते का ते विचारून. नळी सरकली, खोकला लागला, दम लागला तर फीड थांबवायचं आणि रुग्णालय गाठायचं. मग प्रत्येकाने बाहुल्यावर करून दाखवायचं. वहीत लिहून घेणाऱ्यांपेक्षा हाताने करणाऱ्यांना रात्री बारा वाजता आठवतं.

मग शेगडी पेटते. आज नाचणी. साध्या नाचणीच्या पिठाची पेज चार चमच्यांतच घट्ट होते, म्हणून लोक पाणी वाढवतात आणि पोटात नुसतं पाणी जातं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळली की मोड येताना तयार झालेलं विकर स्टार्च तोडतं. तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि पेज पातळच राहते. बाळाला नाचणीचं सत्त्व भरवणाऱ्या आज्यांना हे हाताने माहीत आहे. मी फक्त त्यामागचं कारण सांगते. त्यात दूध पावडर, गूळ, चमचाभर तेल किंवा तूप. एक छोटा चमचा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी, चवही तीच आणि घासही तेवढाच. ज्याला पाचच चमचे जाणार आहेत, त्याच्या प्रत्येक चमच्यात जास्तीत जास्त काय घालता येईल, हा माझ्या सगळ्या कामाचा गाभा आहे.

बिहारहून आलेल्या एका भाऊंनी सत्तूचं विचारलं. हरभऱ्याचा सत्तू, उत्तम. त्यांनी तिथेच कालवून दाखवला, आणि दोन मराठी काकूंनी त्याची कृती लिहून घेतली.

संध्याकाळी ५.१५

पॅलिएटिव्ह विभाग. इथे मी दिवसभर जे सांगत आले, त्यातलं बरंच बाजूला ठेवते.

एक आजोबा आहेत. उपचार थांबवलेत, दुखणं आटोक्यात आहे. मुलगी वाटी-चमचा घेऊन बसलीय. “दोन घास तरी घ्या ना बाबा.” आजोबा तोंड फिरवतात. मुलीला वाटतं, आपण भरवायला कमी पडलो. मी तिला बाहेर बाकावर बसवून सांगते, “ताई, ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत. शरीर आवरायला लागलंय, म्हणून भूक गेलीय.” अशा वेळी जबरदस्तीने भरवलं तर उलटी होते, अन्न छातीत जातं, माणूस कष्टी होतो. किलोकॅलरीचा हिशोब आता संपला. ओठ ओले ठेवायचे. तोंड मऊ कापडाने पुसायचं. मागितलं तर चमचाभर, जे आवडतं ते. आजोबांना आमरस आवडतो. मधुमेह आहे, पण आज आमरस द्यायचा.

भारतातला पहिला हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झाला. तिथल्या आणि अशा प्रत्येक ठिकाणच्या परिचारिकांना हे माहीत असतं: शेवटच्या दिवसांत भरवणं हे सोबतीसाठी असतं. मुलीने विचारलं, “मग मी काय करू?” मी म्हणाले, “जवळ बसा. हात धरा. त्यांनी मागितलं की द्या.” तिला रडू आलं, पण खांदे सैल झाले. तिला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ६.१५

फोन. घरी गेलेल्यांची यादी काढून मी एकेकाला लावते. धुळ्याच्या वहिनी सांगतात, फीड सातही वेळा जातंय, वजन किलोभर वाढलं. त्यांनी पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर वजन केलं. छान. जठर काढलेले रत्नागिरीचे काका सांगतात, गोड खाल्लं की घाम फुटतो, गरगरतं. अन्न लहान आतड्यात फार वेगाने उतरतंय. थोडं थोडं सहा वेळा खा, गोड आणि सरबत कमी करा, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या, आणि ब१२ चं इंजेक्शन चुकवू नका. एक फोन लागत नाही. उद्या पुन्हा लावायचा.

मग नोंदी. प्रत्येक फाइलवर आजचं वजन, मागचं वजन, फरक आणि पुढची पायरी.

कर्करोगाच्या उपचारात आपल्याकडे खूप चांगल्या गोष्टी होतायत. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता केमो मिळू लागली आहे, सरकारी योजनांतून खर्च भागतो. पण जिथे केमोची खुर्ची आहे तिथे वजनकाटा आणि आहारतज्ज्ञही हवी. ती नसेल तर अर्ध्या वाटेवर माणूस उपाशीपोटी उपचार सोडतो, आणि नोंदीत लिहिलं जातं, ‘रुग्ण परत आला नाही’. तपासणीत कर्करोग निघाला त्या आठवड्यातच, तोंड चालू असताना, भूक शाबूत असताना आहाराची चिठ्ठी मिळाली पाहिजे. तिच्यावर आजचं वजन असावं, रोज किती खायचं ते वाटी-चमच्यात लिहिलेलं असावं आणि पुढच्या वजनाची तारीख असावी. मिळाली नाही, तर घरच्यांनी ती मागावी. केमोची तारीख आपण जितक्या हक्काने मागतो, तितक्याच हक्काने.